जुन्या गाडीला नवे इंजिन : एक अंदाजपत्रक

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन्ही गोष्टींत एक साम्य असे की, आरंभी जो खर्चाचा आकडा मनात धरावा तो शेवटपर्यंत कधीच टिकत नाही. या यादीत आणखी एक गोष्ट घालावी असे मला वाटते, ती म्हणजे जुन्या मोटारीचे इंजिन बदलणे. कलाशाखेच्या वार्षिकांकात इंजिनाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचा खरा विषय इंजिन हा नसून नियोजन हा आहे. वर्गात आपण पंचवार्षिक योजना, संधी खर्च, बुडीत खर्च हे शब्द पाठ करतो. तेच शब्द तेलकट हातांच्या जगात कसे लागू पडतात, हे दाखविण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार आहेत. मामांचे तुर्भ्याला मोटार दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. दोन गाड्या उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नाही, एवढेच ते मोठे. अकरावीपासून मी संध्याकाळी तिथे हिशेबाची वही लिहिते. मामांची स्वतःची १९९८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. लोक तिला अजून 'फियाट'च म्हणतात. गेल्या पावसाळ्यापासून तिचे इंजिन निळा धूर सोडू लागले, चढावर दम टाकू लागले, आणि 'यात दुसरे दमदार इंजिन बसवू' हा विषय घरात निघाला. मामांजवळ या कामासाठी ऐंशी हजार रुपये साठले होते. त्याच वेळी येत्या जूनमध्ये मामेबहिणीच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा खर्चही समोर उभा होता. म्हणून मामांनी मला सांगितले, "पोरी, तू अर्थशास्त्र शिकतेस ना? मग कागदावर मांडून दाखव." ते मांडताना मी जे शिकले ते येथे क्रमाने देते.

कारखान्यांनी केलेली अदलाबदल

जुन्या गाडीत दुसरे इंजिन ही कल्पना केवळ हौशी माणसांची नाही. आपल्या देशातील मोटार कारखान्यांनीही ती राबवली आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरूनच पुढे पद्मिनी घडली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे. याच कंपनीने १९८५ साली '११८ एनई' ही गाडी काढली. तिचा सांगाडा इटालियन फियाट १२४ च्या घराण्यातील, पण इंजिन मात्र जपानच्या निसान कंपनीच्या रचनेचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. दोन देशांची ही सोयरीक कारखान्यात जुळविलेली होती.

दुसरे उदाहरण हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाचे. ही गाडी १९८० च्या दशकात आली तेव्हा तिच्या लांबरुंद, जड शरीरात अँबॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे जुने इंजिन होते. गाडी दिसायला ऐटदार, पण ओढायला अशक्त. पुढे तिच्यात इसुझू या जपानी कंपनीच्या रचनेचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि तिची चाल सुधारली. १९९० च्या दशकाच्या आरंभी खुद्द अँबॅसडरलाही तेच भाग्य लाभले, आणि त्या इंजिनाबरोबर पाच गिअरांची गिअरपेटीही आली. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा केवळ इंजिन बदलले नाही. त्याच्या मागचे-पुढचे जे जे लागते ते सर्व जुळवून घेतले. कारखान्याजवळ आराखडे काढणारे अभियंते होते आणि चाचण्यांना वेळ होता. तुर्भ्याच्या गॅरेजात एक मामा, एक हाताखालचा मुलगा आणि एक चेनकप्पी एवढेच असते. म्हणून आपले नियोजन अधिक काटेकोर हवे.

पहिला प्रश्न कागदाचा

बहुतेक माणसे आधी इंजिन विकत घेतात आणि मग कागदपत्रांचा विचार करतात. हा क्रम उलटा हवा. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या बोलीतल्या आर. सी. बुकावर, चेसिस क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसविणे ही वेगळी गोष्ट, आणि भलत्याच प्रकारचे इंजिन बसविणे ही वेगळी. इंजिन बदलल्याची खबर नोंदणी प्राधिकाऱ्याला देऊन पुस्तकात नोंद करून घ्यावीच लागते. आमच्याकडे ते काम वाशीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येते. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशिलात फेरफार चालणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकते.

याला एक सनदशीर वाट आहे ती इंधनबदलाची. सी. एन. जी., एल. पी. जी. किंवा विजेवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच ठरावीक अटींवर बसविता येतो. अशा संचांची तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही प्रमुख होय. मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी याच वाटेने सी. एन. जी. वर गेल्या. तेथे इंजिन तेच राहिले, त्याचे खाणे बदलले. त्या टॅक्सींपैकी शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या.

आणखी एक नियम हौशी लोकांनी ध्यानात ठेवावा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीत जपलेल्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय केली. मूळ रूपात मोठा फेरफार झालेला नसणे ही तिची अट आहे. ज्याच्या दारात १९७० च्या आसपासची फियाट उभी आहे, त्याने तिच्यातले मूळ इंजिन भंगारात घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कागदाचा दुसरा भाग आणायच्या इंजिनाचा. ते कोणत्या गाडीतून निघाले, त्या गाडीची नोंदणी रद्द झाली आहे काय, विकणारा पावती देतो काय, क्रमांक घासलेला तर नाही, हे प्रश्न लाज न बाळगता विचारावेत. चोरीच्या गाडीचे इंजिन स्वस्त मिळते, पण ते घेणारा पुढे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतो. नोंदणीतील क्रमांक आणि गाडीतील क्रमांक जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडतो. विम्यावाचूनचा एखादा अपघात एका कुटुंबाची दहा वर्षांची बचत खाऊ शकतो.

दुसरा प्रश्न मापाचा

कागद जमले तरी इंजिन बसले पाहिजे. मामांनी मला बॉनेटखाली वाकायला लावून एकेक गोष्ट बोटाने दाखविली. पद्मिनीत इंजिन पुढे, उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते आणि त्याची शक्ती मधल्या प्रोपेलर शाफ्टातून मागच्या चाकांना जाते. मारुती ८०० चे इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरविते. म्हणून ते बाजारात कितीही सहज मिळाले तरी पद्मिनीच्या उपयोगाचे नाही. ओम्नी किंवा जिप्सीचे इंजिन उभे असल्याने त्या दृष्टीने जवळचे. ११८ एनईचे त्याहून जवळचे वाटते.

यापुढे मापे सुरू होतात. इंजिनाचे माउंटिंग जुन्या जागी येते काय? खालचे तेलाचे भांडे पुढच्या आडव्या लोखंडाला घासते काय? गिअरपेटीची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट कापावा किंवा वाढवावा लागतो आणि मग त्याचा तोल साधावा लागतो. तो साधला नाही तर वेग घेताच सगळी गाडी थरथरते. पद्मिनीची गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी असते, तर नव्या पेटीची जमिनीतून वर येते. म्हणजे पत्र्याला भोक आले. जास्त शक्तीचे इंजिन जास्त उष्णता देते, म्हणून रेडिएटर वाढवावा लागतो. गाडी जास्त पळणार, म्हणून ब्रेक सुधारावे लागतात. पळविण्याचा खर्च सगळे मांडतात, पण थांबविण्याचा खर्च यादीत घालायला पुष्कळजण विसरतात, असे मामा म्हणतात. डिझेल इंजिन घ्यावे तर ते वजनाला भारी, पुढच्या स्प्रिंगा खाली बसतात आणि धक्के सांगाड्यापर्यंत पोहोचतात. अलीकडचे इंजिन घ्यावे तर त्याच्याबरोबर संगणकी पेटी, संवेदक आणि तारांचे जाळे येते.

तिसरा प्रश्न पैशाचा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खालील आकडे आमच्या घरच्या अंदाजपत्रकातील आहेत. ते सर्वत्र लागू पडणारे बाजारभाव नव्हेत. पहिला पर्याय ११८ एनईचे जुने इंजिन बसविण्याचा.

इंजिन, गिअरपेटीसह : ३०,००० रुपये
बसविण्यापूर्वी उघडून गॅस्केट, सील, टायमिंग चेन : ९,०००
माउंटिंग, लेथकाम, वेल्डिंग : ८,०००
प्रोपेलर शाफ्ट व त्याचा तोल : ५,०००
क्लच संच : ४,५००
रेडिएटर, नळ्या, पंखा : ५,५००
सायलेन्सरची नळी : ३,०००
तारा, स्टार्टर, अल्टरनेटर : ४,०००
केबली व क्लच-गिअरची जोडणी : ३,०००
ब्रेक : ७,०००
कार्बोरेटर व पेट्रोलच्या नळ्या : २,०००
तेल, कूलंट, नटबोल्ट : ३,५००
वाहतूक व हमाली : २,५००
मजुरी, १८ दिवस : १८,०००
एकूण : १,०५,०००
अनपेक्षित खर्चासाठी शेकडा वीस : २१,०००
अखेरची बेरीज : १,२६,०००

या बेरजेकडे नीट पाहावे. ज्या इंजिनासाठी हा सारा खटाटोप, त्याची किंमत तीस हजार, म्हणजे एकूण खर्चाच्या रुपयात जेमतेम चार आणे. उरलेले बारा आणे त्याच्या भोवतालचे. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने बहुधा असाच एखादा हिशेब केला असावा. इंजिनाच्या किमतीवरून कामाचा अंदाज बांधणारा माणूस म्हणूनच फसतो.

दुसरा पर्याय गाडीचे मूळचेच इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्याचा.

बोअर करणे, पिस्टन, रिंगा : १४,००० रुपये
क्रँक घासणे व बेअरिंगे : ७,०००
हेड, व्हॉल्व्ह, गाइड : ६,०००
गॅस्केट संच, सील, टायमिंग चेन : ४,५००
तेलाचा व पाण्याचा पंप : ४,०००
क्लच संच : ४,५००
रेडिएटर सफाई : १,५००
कार्बोरेटर व पेट्रोलच्या नळ्या : २,०००
तेल व किरकोळ : ३,५००
मजुरी, ८ दिवस : ८,०००
एकूण : ५५,०००
अनपेक्षित खर्चासाठी शेकडा दहा : ५,५००
अखेरची बेरीज : ६०,५००

येथे राखीव रक्कम कमी धरली, कारण हे काम मामांनी अनेकदा केलेले आहे. अनोळखी वाटेवर शिदोरी जास्त घ्यावी लागते, ओळखीच्या वाटेवर थोडी पुरते. पेट्रोलच्या नळ्यांचा खर्च दोन्हीकडे धरला आहे, कारण आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याने लवकर खराब होते.

मजुरीची ओळ मामांना पटली नाही. "माझ्याच हाताचे पैसे मी कुणाला द्यायचे?" असे त्यांनी विचारले. वर्गात शिकलेला संधी खर्च मी त्यांना त्यांच्याच वहीतून दाखविला. अठरा दिवस ते स्वतःच्या गाडीखाली असतील, तर त्या अठरा दिवसांत गिऱ्हाइकांची कामे परत जातील. जागा दोन गाड्यांची, त्यातली एक अडकून पडेल. खिशातून नोट निघाली नाही तरी येणारी नोट आली नाही, हाही खर्चच. मामा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. पंचवीस वर्षांत आपल्या श्रमाची किंमत अशी कागदावर लिहिलेली त्यांनी प्रथमच पाहिली असावी. कष्टकरी माणूस आपल्या घामाचा आकडा शून्य धरतो आणि म्हणून त्याचे बरेच बेत कागदावर स्वस्त दिसतात. माझे वडीलही असेच आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच असेल.

कामाचा क्रम

ज्यांना सर्व विचार करूनही इंजिन बदलायचेच आहे, त्यांच्यासाठी क्रम असा सांगता येईल. प्रथम परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. नंतर मापे घ्यावीत. त्यानंतर इंजिन पाहायला जावे, आणि शक्य असेल तर ते जमिनीवर चालवून दाखविण्यास सांगावे. चारही सिलिंडरांचा दाब मापून घ्यावा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. तेलाची काडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर पाणी तेलात शिरले आहे असे समजावे. निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जाते. हे सर्व पटल्यावरच पैसे द्यावेत.

जुने इंजिन उतरविण्याची घाई तर मुळीच करू नये. नवे इंजिन दारात, त्याची पावती हातात आणि निदान तीन-चतुर्थांश रक्कम जवळ असेल तेव्हाच चेनकप्पी लावावी. अर्धे बांधलेले घर पावसात निदान आडोसा तरी देते. इंजिन काढलेली गाडी कशाच्याच उपयोगाची नाही. घाटकोपरपासून पनवेलपर्यंत कितीतरी गॅरेजांच्या मागे अशा गाड्या उभ्या दिसतात. त्यांच्या मालकांजवळ हौस नव्हती असे नाही. मध्येच पैसे संपले, आणि मग 'एवढे घातले आहेत तर आणखी थोडे घालू' या विचाराने पैसा जातच राहिला. यालाच आपण बुडीत खर्च म्हणतो. जे गेले ते गेले, पुढचा रुपया घालायचा की नाही हे पुढच्या लाभावरून ठरवावे, असे आपले पाठ्यपुस्तक सांगते. पोटच्या पोरासारख्या जपलेल्या गाडीबाबत ते पाळणे मात्र फार अवघड जाते, हे मी पाहिले आहे.

निर्णय

आमच्या घरचा निर्णय काय झाला, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. ऐंशी हजारांत दुसरा पर्याय बसतो आणि साडेएकोणीस हजार उरतात. पहिल्या पर्यायाला छेचाळीस हजार कमी पडतात. ते भिशीतून किंवा व्याजाने आणावे लागले असते, आणि जून महिना तोंडावर होता. शिवाय ११८ एनईही कधीचीच बंद पडलेली गाडी. तिचे सुटे भाग शोधण्याची यातायात पुन्हा निराळी. मूळ इंजिनाचा क्रमांक कायम राहिल्याने नोंदणीत फेरफार नाही, विम्याची धास्ती नाही. गाडीचे नोंदणी नूतनीकरण २०२८ साली येईल. वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे. उरलेल्या पैशांतले दहा हजार त्यासाठी आजच बाजूला ठेवले. बाकीचे मामेबहिणीच्या प्रवेशासाठी.

मामांना थोडे वाईट वाटले. पनवेलच्या पुढे घाटात मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवू नयेत एवढीच त्यांची इच्छा होती. ती १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाकडून पुरती भागणार नाही. पण रिंगा आणि बेअरिंगे आणण्यासाठी आम्ही दोघे कुर्ल्याला गेलो, तेव्हा जिथे या गाड्या घडल्या त्या कारखान्याच्या जमिनीवर आज उभी असलेली कोहिनूर सिटीची वसाहत त्यांनी मला दाखविली. कारखाना गेला, तरी त्याने बनविलेल्या यंत्राचे सुटे भाग त्याच कुर्ल्यातील भंगार बाजारात आजही मिळतात, आणि ते जोडण्याचे ज्ञान मामांसारख्यांच्या हातांत आहे.

अर्थशास्त्राची व्याख्या आपण प्रथम वर्षातच शिकतो. गरजा अनंत, साधने मर्यादित आणि त्यांचे पर्यायी उपयोग अनेक. परीक्षेत त्या व्याख्येला फार तर पाच गुण मिळतात. मामांच्या वहीत मात्र तिची किंमत छेचाळीस हजार रुपये आणि एका मुलीचा प्रवेश एवढी निघाली. आपल्या घरी ज्यांनी महाविद्यालय पाहिले नाही, त्यांच्याजवळ हातांचे ज्ञान अमाप आहे. आपण शिकलेल्यांनी त्यात एका वहीची भर घातली, आणि त्यांच्या श्रमाची ओळ त्या वहीत न चुकता लिहिली, तर आपल्या शिक्षणाचा थोडा तरी उपयोग झाला असे म्हणता येईल.